बालवाडीत आणखी सात जागा

(मंडळाच्या चौदाव्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी बाहेरगावच्या कोणी शिकलेल्या बाई येतात, छान बोलतात आणि आपण टाळ्या वाजवतो. यंदा त्यांचे येणे जमले नाही म्हणून हा नारळ माझ्या पदरात पडला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. शिवाय मला हळदीकुंकवाला चार जणींत बोलायची सवय, समोर माईक असला की घसा कोरडा पडतो. तेव्हा चुकेल तिथे सांभाळून घ्या.

मला बोलायचे आहे ते बालवाडीबद्दल. शाळेची ती तिसरी खोली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. माझे माहेर खालच्या वाडीचे, सासर वरच्या वाडीचे, मध्ये एक वहाळ. म्हणजे मी लग्न करून गेले ती साकव ओलांडून गेले, एवढेच. त्यामुळे शाळा माझी एकच. त्या तिसऱ्या खोलीत पूर्वी सातवीचा वर्ग भरायचा आणि मी तिथेच सातवी झाले. पुढे पोरे कमी झाली, माणसे मुंबईला गेली, पाचवी ते सातवीचे वर्ग बंद झाले आणि खोलीत मोडके बाक व पाली तेवढ्या राहिल्या. तीन वर्षांपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीने ती खोली आपल्याला वापरायला दिली आणि मंडळाने बालवाडी सुरू केली.

काही जणी तेव्हाही म्हणाल्या आणि आजही म्हणतात की, गावात अंगणवाडी असताना ही दुसरी कशाला? प्रश्न रास्त आहे. अंगणवाडी चांगली आहे, सेविकाताई मायेच्या आहेत, माझ्या दोन्ही मुलांचे वजन त्यांनीच केले. पण ती खालच्या वाडीत, देवळाजवळ. साधारण 400 ते 800 वस्तीला एक अंगणवाडी असा हिशेब असतो, आणि आपल्या तिन्ही वाड्या मिळून त्या हिशेबात एकच बसते. कागदावर गाव एक आहे. वहाळाला पाणी आले की गावाचे दोन तुकडे होतात, ते कागदाला दिसत नाही. साकवावरून तीन वर्षांचे पोर जून ते सप्टेंबर कोण पाठवील? अंगणवाडीचे खाते वेगळे आणि शाळेचे खाते वेगळे, म्हणून आपला अर्ज कधी या टेबलावर तर कधी त्या टेबलावर फिरतो. तो फिरेपर्यंत पोर पहिलीच्या वयाचे होते.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या जूनमध्ये बालवाडीत 19 नावे आली. आपण 12 घेतली आणि सात परत पाठवली. आपल्या ताई एकट्या. त्या म्हणाल्या, "काकी, बारांच्या वर मला झेपणार नाहीत. एकाला शी-शूला नेले तर बाकीच्यांकडे कोण बघणार?" त्यांचे खरे होते आणि आहे. दाराबाहेर विहीर आहे, पलीकडे रस्ता आहे. त्यांना मी बोल लावत नाही. पण त्या सात आयांना "पुढच्या वर्षी बघू" असे सांगायचे काम माझ्याकडे आले होते आणि मी ते सांगितले. अगदी सहज सांगितले.

त्यांतल्या एकीची थोरली मुलगी तिसरीत आहे. नाव घेत नाही, इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. घरात म्हातारे माणूस नाही, नवरा चाकरमानी, लावणीला माणूस मिळत नाही. आई मळ्यात उतरली की धाकट्याला कोण धरणार? थोरलीने धरले. ऑगस्टमध्ये गुरुजींनी मला हजेरीपट दाखवला. पोरीचे 23 दिवस रिकामे होते. गुरुजी काही बोलले नाहीत, नुसते बोट ठेवले. एका भावाला जागा नाही म्हणून बहिणीची शाळा गेली, म्हणजे आपण सात मुले परत पाठवली असे समजत होतो, तो हिशेबसुद्धा अपुराच होता.

मला ते फार लागले, याचे कारण सांगते. तीच खोली, तीच पोर. मीसुद्धा भावाला कडेवर घेऊन शाळेत जायची. तेव्हाचे गुरुजी दयाळू, त्याला मागच्या भिंतीशी बसवू द्यायचे. तो रडला की मी उठायची. भागाकार चालू असताना उठले, तो भागाकार मला आजही धड येत नाही, बचत गटाच्या व्याजाला मी मोबाईल घेते. सातवी कशीबशी पास झाले. आठवीला सहा किलोमीटर जायचे आणि घरात हाताखाली माणूस हवे, म्हणून शाळा सुटली. आईचा दोष नव्हता. भाऊ चांगला निघाला, मुंबईत नोकरीला आहे, दर गणपतीला मला साडी आणतो. पण त्याला सांभाळायला तेव्हा कोणी एक बाई त्या शाळेत असती तर, असे मनात येतेच.

हा प्रश्न काही आपल्याच गावाला पडलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे आपण ऐकली असतील. ताराबाईंचा जन्म 1892 चा. त्या काळच्या पदवीधर बाई, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मुलांच्या शिक्षणाचे काम केलेल्या. शहरात त्यांना मान होता, सुखाने राहता आले असते. पण खेड्यातल्या गरिबाच्या पोराचे काय, म्हणून 1945 साली त्या समुद्रकाठी बोर्डीला गेल्या. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. तिथून पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि सारा जन्म मुलांना दिला.

बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली, तर ज्यांच्यासाठी काढली त्या वस्तीतली मुले येईनात. आपण असतो तर म्हटले असते, यांना गरज नाही. त्यांनी तसे म्हटले नाही. त्या स्वतःच उठून वस्तीत गेल्या आणि मुलांच्या अंगणातच वर्ग मांडला. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि आज देशभर जी अंगणवाडी म्हणतात ती आपल्या मराठी बायांच्या डोक्यातून निघालेली आहे. माझ्या सुनेच्या वयाच्या मुलींना हे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

1957 साली त्या डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी गेल्या. तिथे मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. आणि थोरल्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे होती, आपल्यासारखीच. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरवली. विकासवाडी असे तिचे नाव. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली पहिली-दुसरीत. मुलगी धाकट्याला घेऊन आली तर तिला परत पाठवायचे नाही, दोघांनाही आत घ्यायचे. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ ओटीवर बसून राहिले. आपली तिसरी खोली शाळेच्या आवारातच आहे, बायांनो. अर्धे काम आपसूक झालेले आहे.

आता काही जणींचे म्हणणे असते की, बालवाडीत पोरे नुसती खेळतात, त्याला शाळा कशाला? एकदा येऊन बसा. ताई त्यांना काजूच्या बिया आणि चिंचोके देतात. पाच-पाचाचे ढीग करायचे, जास्त कुठे, कमी कुठे ते बघायचे. पाणी एका तांब्यातून दुसऱ्यात ओतायचे, न सांडता. माळ ओवायची. ज्या बोटांना माळ ओवता येते त्यांना पुढे पेन्सिल धरता येते. कोसबाडलासुद्धा महागडी साधने नव्हती, शंख-शिंपले, बिया, पाने हेच सामान होते. आणि 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणाने तर तीन ते सहा वर्षांची ही तीन वर्षे पहिली-दुसरीला जोडून शाळेचा पायाच धरला आहे. 2009 च्या शिक्षण हक्काच्या कायद्यातली सक्ती मात्र सहा वर्षांपासून पुढची. मधल्या वयाचे पोर अजून बरेचसे आईबापांच्या आणि गावाच्या भरवशावर आहे.

दुसरे म्हणणे, व्हॅन आली आहे, बाजारपेठेतल्या इंग्रजी नर्सरीत घालावे. ज्यांनी घातले त्यांना मी नावे ठेवणार नाही, कारण मीही माझ्या धाकट्याला एक वर्ष घातले होते. अकरा किलोमीटर, घाटाची वळणे. पोर रोज ओकत जायचे आणि येताना झोपलेले यायचे. चार वर्षांच्या मुलाला वहीभर ए-बी-सी लिहायला देत. घरी बडबड करणारे पोर तिथे तोंड उघडीना. पुढच्या वर्षी नाव काढले. फी मात्र परत मिळाली नाही.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्या शाळेचा पट आज पहिली ते चौथी मिळून 13 आहे. गेल्या वर्षी पहिलीत जी पाच मुले आली ती पाचही बालवाडीतली. ती नसती तर पट आठ असता. 2023 साली वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची बोलणी निघाली होती, तेव्हा आपली रात्रीची झोप उडाली होती ते आठवा. शाळा टिकवण्यासाठी लहान पोरांना वेठीला धरा असे मी म्हणत नाही. पण तीन वर्षांचे पोर ज्या दारातून आत जाते, सहाव्या वर्षी त्याच दारातून जाते, हे मी पाहिले आहे.

येत्या जूनचा हिशेब असा आहे. 12 मधली चार पहिलीत जातील, आठ राहतील. परत पाठवलेल्या सातांपैकी एक व्हॅनने जातो, एक आईबरोबर मुंबईला गेली, म्हणजे पाच. नवी सहा. पुन्हा 19 च होतात. म्हणजे आणखी सात जागा हव्यात आणि ताईंच्या जोडीला एक मदतनीस हवी. महिना 2,000 रुपये धरले तर दहा महिन्यांचे 20,000 होतात.

पैसा कुठून, हे विचारायच्या आधी मीच सांगते, आणि काही जणींना राग येईल तो येऊ दे. मंडळाने कोकम आगळ आणि पापड विकून गेल्या वर्षी 31,000 रुपये मिळवले. त्यातले 18,000 मोठे टोप आणि पातेली घ्यायला बाजूला ठेवले आहेत, लग्नकार्याला भाड्याने द्यायला. तो ठराव झाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होते. भांडी हवीत हे मला मान्य आहे, दर लग्नाला दुसऱ्या गावाकडे हात पसरावे लागतात. पण भांडी आणखी एक वर्ष भाड्याने आणता येतील. तीन वर्षांचे पोर एक वर्ष थांबले की चार वर्षांचे होते. उरलेल्या 2,000 साठी शिमग्याच्या वर्गणीतून काही मिळते का ते मी माझ्या दिरांना विचारले आहे. ते "बघू" म्हणाले. त्यांचे बघू म्हणजे निम्मे हो असते.

काल वरच्या आळीच्या मोठ्या काकी मला म्हणाल्या, "अगं, आमची पोरं काय बालवाडीशिवाय वाढली नाहीत?" वाढली, काकी. तुमची पाच वाढली, आणि ती वाढवली तुमच्या थोरलीने. ती किती शिकली, हे मी तुम्हाला विचारले तेव्हा तुम्ही गप्प झालात. मला तुम्हाला दुखवायचे नव्हते. मी त्याच रांगेतली आहे.

भांड्यांचा ठराव पुढे ढकलायचा की नाही, हे चहापाणी झाल्यावर सभेत मांडणार आहे. ज्यांना विरोध करायचा त्यांनी मोकळेपणाने करावा, मागून नको. निकाल काही लागो, खोलीची कौले पावसाआधी चाळायलाच हवीत. गेल्या वर्षी दोन ठिकाणी गळत होते आणि मुले एका कोपऱ्यात दाटीने बसत होती. रविवारी सकाळी आठला मी शिडी घेऊन शाळेत येते. ज्यांना जमेल त्यांनी खराटा आणि जुनी घमेली घेऊन यावे, आणि घरातले एखादे पुरुष माणूस वर चढायला मिळाले तर फारच बरे.