पुन्हा तरुण झालो तर

(मंडळाच्या राजूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘पुन्हा तरुण झालात तर वेगळे काय कराल?’ हा विषय कार्यकारी मंडळाने आम्हांस नेमून दिला, तेव्हा प्रथम हसू आले. ऐंशीच्या उंबरठ्यावरील माणसास हे विचारणे म्हणजे गाडी सुटल्यावर त्याच्या हाती वेळापत्रक देणेच होय. परंतु विचार करू लागलो आणि हसू मावळले.

लहानसहान गोष्टी पुष्कळ आहेत. चुनाभट्टीवर जाताना तोंडावर फडके बांधले असते, तंबाखू वेळीच सोडली असती, रस्त्यालगतचे दोन एकर रान विकले नसते. (त्या रानाचा आजचा भाव येथील मंडळींस सांगावयास नको.) या चुकांचे आम्हांस ओझे वाटत नाही. ओझे वाटते ते एकाच गोष्टीचे, आणि ती आम्ही केलेली नसून न केलेली आहे.

आपले हे राजूर चुना आणि कोळसा या दोहोंवर वाढले. आमचे वडील भट्टीवर मुकादम होते. चुनखडी भाजली म्हणजे तिच्यातील वायू निघून जातो. शुद्ध दगड असला तरी शंभर मणांचा छप्पन्न मणांवर कळीचा चुना उतरत नाही. दगड हिणकस असेल तर उतारा आणखी घटतो. हा हिशेब वडिलांस बोटांवर करावा लागे. आमची धाकटी बहीण सहावीत असताना दगडाच्या गाड्या मोजून, मुनशीने टाक उचलण्यापूर्वीच आकडा सांगत असे. भट्टीवरची माणसे कौतुकाने हसत. आम्हीही हसत असू.

१९६६ साली ती सातवी उत्तीर्ण झाली. पुढील शिक्षणासाठी वणीस जाणे भाग होते. वणी काही दूर नाही, शिवाय तेथे आमची आत्या राहत होती. आम्ही नुकतेच खाणीच्या कचेरीत हजेरीबाबू म्हणून लागलो होतो आणि मिळवत्या मुलाच्या शब्दास घरात वजन आले होते. बहिणीने एका रात्री आम्हांस गाठून म्हटले, “भाऊ, तुम्ही बाबाले सांगा. मले वणीले शिकू द्या म्हणा.” आम्ही होकार दिला. दुसऱ्या दिवशी जेवताना विषय निघाला. वडील म्हणाले, “पोरगी गणित शिकून काय करते? खदानीत उतरते काय?” सगळे हसले. आम्ही खाली मान घालून जेवत राहिलो.

पैशाची अडचण होती, असे आम्ही पुढे कित्येक वर्षे स्वतःस सांगत आलो. ते खरे नव्हे. पुढल्याच वर्षी आमचे लग्न झाले. तीन दिवस पंगती उठल्या, वाजंत्री चंद्रपुराहून आली आणि त्या कर्जाचा शेवटचा हप्ता खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले त्या १९७३ साली फिटला. त्या रकमेत बहीण मॅट्रिक झाली असती आणि तरी पैसे उरले असते. हा हिशेब आम्ही मांडला तो मात्र निवृत्तीनंतर.

वडिलांना आम्ही दोष देत नाही. त्या काळी खाण कायद्याने, म्हणजे १९५२ च्या अधिनियमाने, स्त्रियांस भूगर्भातील कामास मनाईच होती. म्हणून त्यांचा प्रश्न त्यांच्यापुरता बिनतोड होता. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी, काही अटींवर, स्त्रियांस खाणीत उतरण्याची मुभा दिली. ती बातमी वाचली त्या दिवशी आम्हांस जेवण गेले नाही.

गेल्या भाऊबीजेस आम्ही बहिणीस विचारले, तुला तो दिवस आठवतो काय? तिने ओवाळणीचे ताट खाली ठेवले आणि म्हणाली, “तुम्ही काही म्हटलंच नाही, भाऊ. तुम्ही म्हटलं असतं तर बाबा आयकत होते.” तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

हे घरगुती रडगाणे येथे गाण्याचे कारण आहे. आपल्या मंडळाचा इमारतनिधी आता बऱ्यापैकी साठला आहे आणि त्यातून मंगल कार्यालय बांधावे असा सूर आहे. कार्यालय हवेच, यात शंका नाही. परंतु आमच्या मते आधी मुलींचे वसतिगृह व्हावे, आणि तेही वणीस. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल व मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ केले. शुल्क गेले, पण खोलीचे भाडे व खानावळ राहिलीच. आणि ‘मुलगी राहणार कोठे?’ या प्रश्नापाशी बाप आजही थबकतो.

ही कल्पना नवी नव्हे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, पुढे तेथे निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे झाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली आणि त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. आपल्या वसतिगृहातही इतर समाजांतील मुलींस जागा असावी, असे आम्ही सुचविले, तेव्हा काही सभासदांनी भुवया उंचावल्या. निधी आपला, मग जागा परक्यांस का, असा त्यांचा आक्षेप आहे. त्यांनी एवढेच आठवावे की, भट्टीवर आमच्या बहिणीच्या हिशेबाचे कौतुक करणाऱ्यांत आपल्या ज्ञातीचे दोघेच होते.

ठराव दुपारच्या बैठकीत येईल. सूचक म्हणून आम्ही सही केली आहे. अनुमोदन देण्यास आमची बहीण तयार आहे, पण आपल्या घटनेप्रमाणे सभासदत्व कुटुंबप्रमुखाच्या नावे असल्याने तिची सही चालत नाही, असे चिटणीसांनी कळविले आहे. म्हणून अनुमोदकाची ओळ तूर्त कोरी आहे. कागद चिटणीसांच्या टेबलावर आहे.