अंतर एक, वेळ अनेक



या सभागृहातल्या कित्येकांची मुलं-नातवंडं परदेशी आहेत. त्यांचं विमान सुटलं, की ते उतरल्याचा फोन येईपर्यंत घरातल्यांचा डोळा लागत नाही. म्हणून आज उदाहरण घेतो आपल्या ओळखीच्या वाटेचं, मुंबई ते लंडन.

या दोन शहरांत कमीत कमी अंतर आहे सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान चालतं ताशी ९०० च्या आसपास. भागाकार केला तर आठ तास. पण प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. हे वरचे तास जातात कुठे?

आधी रस्ता पाहू. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ इराणच्या आखातावरून, तुर्कस्तानवरून जाते. आता घरी पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेकडे सरकतो : पाकिस्तानातलं बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन. पृथ्वी गोल आहे, म्हणून वाकडी दिसणारी हीच वाट सर्वांत जवळची. ते ७,२०० किलोमीटर याच वाटेचे.

मग वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला आणि जगाला कळावा म्हणून १९२६ मध्ये एस्परांतो भाषेत अहवाल छापला. तरी त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता या प्रवासाचा इतिहास. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. त्याआधी बोटीने हाच प्रवास आठवड्यांत मोजला जाई. पुढे इंजिनं सुधारली, मधले थांबे गेले. माणसाने अंतर जिंकलं, असं वाटू लागलं.

पण तो दोरा पुन्हा आठवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं आणि युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. विमानाला वळसा आला. वळशाबरोबर इंधन वाढलं, भाडं वाढलं आणि घरी फोनची वाट पाहणाऱ्या आईचं जागरणही वाढलं.

श्रोतेहो, पृथ्वीचा गोलावा आपल्या हातात नाही. वाऱ्याला थांब म्हणता येत नाही. त्याचा अभ्यास करून वाट आखावी लागते. हे दोन्ही आपण आनंदाने मान्य करू. पण तिसरी गोष्ट, बंद आकाशाचा वळसा, निसर्गाने घातलेला नाही. तो माणसांनी घातला आहे, आणि तो सरळ करणंही माणसांच्याच हाती आहे.