दुर्बिणीला आधी वेळ सांगा



तुम्ही साताऱ्यात कासच्या वाटेवर असा,
की सांगलीत कृष्णाकाठी;
संगणकीय दुर्बीण आधी तीन गोष्टी विचारते.
ठिकाण, तारीख आणि वेळ.

हातातल्या रिमोटवर त्या अचूक भरा.
पुष्कळ रिमोटवर महिना आधी असतो, दिवस नंतर.
गल्लत होते ती इथेच.
'डेलाइट सेव्हिंग' बंद ठेवा.
आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे करत नाहीत.

आता दोन ठळक तारे निवडा.
हिवाळ्यात रोहिणी आणि व्याध उत्तम.
बाणांची बटणं दाबून प्रत्येक तारा नेमका मधोमध आणा.

मग यादीतून मृग नक्षत्रातला तेजोमेघ निवडा.
दुर्बीण आपणहून तिकडे वळेल.

पुन्हा सांगते :
आधी ठिकाण, तारीख, वेळ.
मग दोन तारे.
एवढं जमलं, की शेजारच्या मुलांनाही बोलवा.