‘चार्ज’: शब्द एक, अर्थ अनेक

‘चार्ज’ हा इंग्रजी शब्द व्यवहारात आकार, विजेत भार, न्यायालयात आरोप आणि कचेरीत पदभार या अर्थांनी वावरतो. अर्थसंकल्पात त्याचा अर्थ याहून निराळा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ नुसार राष्ट्रपतींचे वित्तलाभ, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन व सरकारी कर्जावरील व्याज हा भारताच्या एकत्रित निधीवरील ‘भारित’ खर्च होय. अनुच्छेद ११३ नुसार संसदेत त्यावर चर्चा होऊ शकते. मतदान मात्र होत नाही. वेतन दरवर्षी मतांवर अवलंबून राहिले, तर न्यायदान निर्भय कसे राहील? तथापि, व्याजाचा बोजा जसजसा वाढतो, तसतसा दत्तमत खर्चाचा वाटा आक्रसतो. म्हणून येथे ‘चार्ज’ म्हणजे शुल्क नव्हे, तर राष्ट्राने आधीच स्वीकारलेली बांधिलकी होय.