अपुल्लोला कोणी शिकवलं?

आज पदवी घेऊन मंडळ्यांकडे निघालेल्या बंधुभगिनींनो,

आता लोक तुम्हाला पाळकसाहेब, पाळकबाई म्हणतील. उपदेशाला उभे राहिलात की मध्ये कोणी बोलणार नाही. आईवडिलांच्या वयाची माणसं मुकाट ऐकून घेतील. त्या मुकाटपणाची मला तुमच्यासाठी काळजी वाटते, म्हणून अपुल्लोविषयी बोलतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या १८व्या अध्यायात तो भेटतो. आलेक्सांद्रियाचा, वाणीचं देणं लाभलेला, शास्त्रात मुरलेला. इफिसच्या सभास्थानात तो येशूविषयी सांगत होता ते खरं होतं, पण अपुरं. त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. ऐकणाऱ्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विला होते, तंबू शिवून पोट भरणारं जोडपं. त्यांनी त्याला भर सभेत अडवलं नाही आणि पाठीमागे नावंही ठेवली नाहीत. जवळ बोलावून घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट उलगडून दाखवला.

समजा, तुमचा संदेश गाजला आहे आणि शिलाईकाम करणारी एखादी बाई म्हणते, ‘घरी येता का जरा? एक गोष्ट सांगायची राहिली.’ जाल तुम्ही? अपुल्लोनं ऐकून घेतलं, आणि त्याचा अधिकार तसूभर कमी झाला नाही. पुढे तो अखयाला निघाला तेव्हा बंधुजनांनीच तिथल्या शिष्यांना त्याच्यासाठी पत्र लिहून दिलं.

आपल्याकडे पंडिता रमाबाई आहेत. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. सांगितलेलं त्यांनी निमूट मान्य करावं, अशी तिथल्या वडीलधाऱ्यांची अपेक्षा. त्या प्रश्न विचारत राहिल्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं अशी गोष्ट निघाली, तर बिशपांनी हरकत घेतली. याच बाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांच्या हातून ते छापलं गेलं. मंडळीत नम्रता नेहमी अशी ऐकणाऱ्याकडेच मागितली जाते. मला हे साफ नामंजूर आहे. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असं याकोबानं बजावलं ते शिकवणाऱ्यांनाच.

पुन्हा अपुल्लोकडे येतो. करिंथच्या मंडळीत नंतर पौलाचे, अपुल्लोचे, केफाचे असे तट पडले. पौलानं अपुल्लोला तिकडे जाण्याची पुष्कळ विनवणी केली. तो त्या वेळी गेला नाही. कारण लिहिलेलं नाही. आपल्या नावाच्या गटाला आणखी बळ द्यायची त्याची तयारी नसावी, असं मला वाटतं. तुमच्याही नावाचे गट पडतील. कमिटीची निवडणूक जवळ आली की फार लवकर पडतील. त्या दिवसांत आपल्या बाजूच्यांकडे चहाला जाण्याआधी दुसऱ्या बाजूच्या घरी जा, आणि माझ्या उपदेशात काय खटकलं, ते सांगा म्हणा.