चाक किती बाहेर?



प्रत्येकाने आपापल्या कामातलं थोडं सांगावं, असं ठरलंय. माझं काम चाकांचं. तेरमध्ये चाक म्हटलं की आधी गोरोबाकाका आठवतात. पण त्यांचं चाक आडवं, माझं उभं.

आजकाल गाडी घेतली की पोरं आधी रुंद अलॉय टाकतात. चाक मडगार्डबाहेर आलं की रुबाब. ते किती बाहेर यावं, हे ऑफसेटवर ठरतं. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेघ कल्पा. रिम हबला जिथे टेकते ती सपाट जागा या रेघेपासून जितके मिलिमीटर दूर, तितका ऑफसेट. ती जागा रेघेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर अधिक, आतल्या अंगाला असेल तर उणे. बऱ्याच रिमवर ‘ईटी ४५’ असं कोरलेलं असतं, तो हाच आकडा. तो कमी झाला की चाक बाहेर सरकतं.

शेती करणाऱ्यांना हे नवं नाही. पिकाच्या ओळींतलं अंतर बदललं की ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची खोलगट तबकडी उलटी करून चाकं आत-बाहेर घेतात. टायरची नक्षी उलटी पडू नये म्हणून डावं चाक उजवीकडे टाकतात. पण ट्रॅक्टर त्यासाठीच बनवलेला असतो. कार नसते.

आता गणित, सरांनी तपासावं. मूळ रिम ६ इंची, ईटी ४५. नवी ७ इंची, ईटी ३५. रुंदीमुळे प्रत्येक अंगाला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर वाढले. ऑफसेटचे १० धरून बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर आली, आतली फक्त २.७ आत गेली. रिकाम्या गाडीत काही कळत नाही. यात्रेला माणसं भरली, स्प्रिंगा दबल्या, खड्डा आला, की टायर मडगार्डला घासतो; घासून कापला तर भर रस्त्यात फुटू शकतो. बेअरिंगवरचा ताणही वाढतो. ढोकीकडच्या एका गिऱ्हाइकाची बेअरिंग वर्षात दोनदा बदलली. दोष बेअरिंगचा नव्हता. उलट ऑफसेट फार वाढला, तर टायर आत शॉकअपला घासतो.

दुकानदार “बसतंय की” म्हणतो. नट बसतात, खरंच. तुम्ही मात्र रुंदी, ऑफसेट, नटांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधलं भोक, हे चारही आकडे विचारा. मग मागे माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि टायर कुठे टेकतोय ते खाली वाकून बघा. पैसे त्यानंतर द्या.