'द' केव्हा लावावे?

माझ्या धाकट्या मुलीने परवा इंग्रजी निबंधात प्रत्येक नामाआधी 'द' लावले होते; निम्मे तांबड्या शाईने खोडलेले पाहून तिला रडू कोसळले. मी नियम न सांगता गोष्ट आरंभिली : "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." आधी 'एक', मग 'त्या' असे का? ती चटकन म्हणाली, "आता तो ठाऊक झाला ना, बाबा!"

श्रोतेहो, 'द'चे मर्म बव्हंशी हेच. वस्तू ऐकणाऱ्याच्या ओळखीची झाली, की 'द'. सूर्य एकच, म्हणून तो प्रथमपासून ओळखीचा. माणसाचे नाव स्वतःच ओळख देते. तेथे 'द' नको. मराठीत असे उपपद नाही; पण त्याची जाण मुलांना गोष्टींतूनच आलेली असते. शिकविताना ती जागी करावी.